मु. पो. तळा

चालायला जायचं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली चर्चा होते शूजची. मग सॅक किती लिटरची हवी. मग पॉवर बँक कोण आणणार. मग एक जण ड्रायफ्रूटची यादी टाकतो आणि तिच्यावर धडाधड अंगठे पडतात. शनिवारी रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न गुरुवारी संध्याकाळी कुणाला तरी पडतो. त्यावर ग्रुपमधला सीनियर ट्रेकर लिहितो, 'टेन्शन नॉट, गावात काहीतरी होऊन जाईल.'

होऊन जातं, हे खरं आहे. विशेषतः कोकणात. पण ते आपोआप होत नाही. साडेसातला विझवलेली चूल कुणीतरी मावशी साडेआठला पुन्हा पेटवते, ओटीवरची भाताची पोती सरकवली जातात, घरातल्या शाळकरी पोराला अंथरुणावरून उठवून आजीशेजारी धाडलं जातं, तेव्हा आपलं 'काहीतरी' होतं. तर मंडळी, आज त्या 'काहीतरी'विषयी.

निमित्त आहे सेक्शन हाइकचं. शब्द अमेरिकेतला. तिथं जॉर्जियापासून मेनपर्यंत अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची पायवाट आहे. १४ राज्यं, साधारण ३५०० किलोमीटर. एका दमात चालायची तर पाच-सहा महिने लागतात, आणि इतकी रजा कुठला बॉस देतो? म्हणून बरेच जण ती तुकड्या-तुकड्यांनी चालतात. या सुट्टीत एक तुकडा, पुढच्या सुट्टीत जिथं थांबलो तिथून पुढचा. हीच सेक्शन हाइक. आपल्याकडे हे काही नवीन नाही बरं का! नर्मदा परिक्रमेत याला खंड परिक्रमा म्हणतात. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली नर्मदेकाठी चालायला निघाले आणि पुढे कित्येक वर्षं तुकड्या-तुकड्यांनी चालत राहिले. ना स्पॉन्सर, ना ड्रायफिट टीशर्ट.

फरक आहे तो रात्रीचा. अ‍ॅपलेशियनवर अडीचशेहून अधिक निवारे बांधलेले आहेत. तीन भिंती, एक छप्पर, खाली फळ्या. जो आधी पोचेल त्याची जागा. नर्मदेवर आश्रम आहेत, सदावर्तं आहेत, 'नर्मदे हर' म्हटलं की पान वाढणारी घरं आहेत. पंढरीच्या वाटेवर तर मुक्कामाची गावं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आणि आपण ऑफिसवाले जेव्हा नकाशावर बोट ठेवून 'रोहा ते श्रीवर्धन चालत' असं ठरवतो, तेव्हा त्या वाटेवर आपली वाट बघणारं कुणीच नसतं. ना निवारा, ना सदावर्त, ना दिंडीचा तंबू.

आता नकाशा काढाच. रोह्याला रेल्वेनं उतरायचं. घोसाळगडावरून तळ्याला यायचं, हा पहिला टप्पा. तळ्याहून कुड्याच्या लेण्यांवरून मांदाड, आणि खाडीच्या उत्तर काठानं आगरदांडा, हा दुसरा. आगरदांड्याला फेरीबोटीत बसून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हा तिसरा. तिसऱ्याची काळजी नको. दिवेआगरात शिरलात की 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' या पाट्या मोजता मोजता थकाल. मुरुडलाही तेच. समुद्र दिसला की पर्यटक येतो, पर्यटक आला की पाटी लागते. मधल्या टप्प्यांना समुद्र नाही. खाडी आहे, चिखल आहे, तिवरं आहेत, भातखाचरं आहेत आणि तळा आहे.

तळा हे तालुक्याचं गाव. मुंबई-गोवा हायवेवरच्या इंदापूरपासून सुमारे पंधरा किलोमीटर आत. डोक्यावर तळगड. हा किल्ला लहान वाटतो, पण त्याचं वजन मोठं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ स्वतःकडे ठेवता आले. त्या बारांत तळा आहे आणि शेजारचा घोसाळाही. एवढं असूनही विकेंडची गर्दी इथं वळत नाही. लोक इंदापूरवरून सरळ पुढे निघून जातात. त्यामुळे बाजारपेठ आहे, एसटी आहे, चहा आहे, वडापाव आहे, तहसील कचेरी आहे. पण पाट्यांची रांग नाही. बुकिंगच्या अ‍ॅपवर शोधलंत तर ते तुम्हाला आनंदानं दिवेआगरची रूम दाखवतं.

आणि म्हणूनच मला तळा आवडतं.

सेक्शन हाइकमध्ये एक गोष्ट साध्या विकेंड ट्रेकपेक्षा वेगळी आहे आणि तिचा विचार फार कमी जण करतात. जिथं टप्पा संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो. म्हणजे त्या गावात तुम्ही दोनदा जाणार. एकदा रविवारी दुपारी, घामेजलेले, घरी जायची एसटी शोधत. आणि दीड-दोन महिन्यांनी शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे, फ्रेश, पुढे निघायच्या घाईत. ज्या घराच्या ओटीवर तुम्ही झोपलात, त्या घरासमोरून पुन्हा जायचंय. ट्रेकर म्हणून नव्हे, ओळखीचा माणूस म्हणून. तेव्हा टप्प्याचं टोक निवडताना व्ह्यू बघू नका. एसटी कुठे मिळते, आणि माणसं कुठे भेटतील, ते बघा. घोसाळगडाच्या पायथ्याशी सुंदर वाटतं म्हणून टप्पा तिथं तोडण्यापेक्षा चार तास जास्त चालून तळ्याला तोडा.

बरं, पोचलात. आता झोपायचं कुठे?

सरकारी विश्रामगृह हे नाव कुणीतरी घेतंच. सार्वजनिक बांधकाम खात्याची ही रेस्टहाउसं तालुक्यांच्या गावांमधून असतात. रूम मोठी, छत उंच, पंखा जुना, आवारात आंब्याचं झाड. पण तिचं बुकिंग कचेरीतून होतं, कचेरी शनिवार-रविवार बंद, आणि ऐनवेळी कुणी साहेब आले तर तुमची सॅक व्हरांड्यात. आठवडाभर आधी अर्ज केला आणि 'मिळाली तर मिळाली' अशी मनाची तयारी ठेवली तर ठीक. तिच्यावर प्लॅन उभा करू नका.

देऊळ हा त्याहून भरवशाचा पर्याय, पण देवळाला मालक नसतो असं समजू नका. ग्रामदेवतेच्या देवळाला गुरव असतो, विश्वस्त असतात, गावकी असते. सभामंडपात पथारी टाकायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त आधी विचारा, आत मांसाहार-दारू नको, पहाटे पूजेच्या आधी आवरून मोकळं व्हा. शाळेचंही तसंच. जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा म्हणजे ट्रेकरांचं फाइव्ह स्टार. पण मुख्याध्यापकांना फोन करून परवानगी घ्यायची, आणि सोमवारी पोरं येतील तेव्हा चिप्सचं एकही पाकीट तिथं दिसता कामा नये. कुठेही राहा, गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. पाच अनोळखी लोक रात्री गावात उतरलेत ही बातमी तशीही त्यांच्यापर्यंत दहा मिनिटांत पोचते. ती तुमच्या तोंडून पोचली तर बरं.

तंबू? डिसेंबरमध्ये भात कापून झालेल्या खाचरात, मालकाला विचारून, जरूर टाका. गडावर नको. वनखात्याच्या जंगलात परवानगीशिवाय नकोच नको. मुरुडकडे सरकलात तर फणसाडचं अभयारण्य लागतं, तिथं तर विचारही आणू नका. आणि एक सांगून ठेवते, कोकणात जमिनीवर झोपणाऱ्याचे खरे शेजारी म्हणजे विंचू आणि फुरसं. सॅक उंचावर टांगा, सकाळी शूज झटकल्याशिवाय पाय आत घालू नका.

हे झाले जागांचे पर्याय. पण तळ्यासारख्या गावात जागा शोधायची नसते, माणूस शोधायचा असतो. आणि तो माणूस बहुतेक वेळा तळ्यात नसतोच. तो तुमच्या शहरात असतो!

खरंच सांगते. तळ्याच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत जा. चार घरांआड एक घर कुलूपबंद. अंगण सारवलेलं नाही, तुळशीवृंदावनाला पाणी नाही. घरची माणसं भांडुपला, दिव्याला, विरारला. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप उघडतं, दहा दिवस घर गजबजतं, पुन्हा बंद. किल्ली शेजारच्या काकींकडे. जवळपास प्रत्येक गावाचं 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असतं. त्याची मीटिंग होते, वर्गणी निघते, देवळाच्या जीर्णोद्धाराची वादावादी होते. आणि या मंडळाचा कुणीतरी तुमच्या बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला असतो, कुणी अकाउंट्समधला शांत सीनियर असतो, कुणी तुम्हाला रोज सकाळी कटिंग देणारा.

आम्ही पहिल्यांदा त्या बाजूला चालायला निघालो तेव्हा ऑफिसात सहज विचारलं होतं. डिस्पॅचमधले एक काका, ज्यांच्याशी आमचं बोलणं कुरिअरच्या पावतीपलीकडे कधी गेलं नव्हतं, खुर्ची सरकवून म्हणाले, 'मांदाडच्या अलीकडे आमची वाडी. कुणाला घेऊन चाललीयेस? किती जण? जेवणार काय?' दोन मिनिटांत गावी फोन. स्पीकरवर. पलीकडून त्यांच्या वहिनी, 'येऊ द्यात की. पन किती वाजता येतील तेवढा सांगा, भाकऱ्या घालाया पायजेत.' झालं बुकिंग! कन्फर्मेशन मेल नाही, कॅन्सलेशन पॉलिसी नाही. त्याऐवजी एक बंधन मात्र आलं. आम्ही तिथं कसं वागतो, ते सोमवारी डिस्पॅचच्या टेबलापर्यंत पोचणार होतं.

या साखळीला मोठा इतिहास आहे. कोकणातला माणूस गिरणीत कामाला मुंबईत यायचा तेव्हा त्याला लॉज परवडत नव्हता. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत गावचे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त जण. पाळीप्रमाणे झोपायचं, ट्रंक भिंतीला, जेवण खानावळवाल्या बाईकडे. नवीन पोरगा एसटीतून किंवा बोटीतून उतरला की थेट त्या खोलीवर. तो कोण, कुणाचा, एवढं कळलं की वळकटी पसरायला जागा मिळे. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावकडे असेच 'कूड' होते, ज्या गावचा त्या गावच्या कुडात. म्हणजे मुंबईत गावची माणसं अशी एकमेकांना निवारा देत आली. आता आपण उलट्या दिशेनं चाललोय, तर विचारायचं कुणाला हे उघड आहे. त्या खोल्यांतल्या लोकांच्या नातवांना.

आता एक कडू गोष्ट. ती टाळून या विषयावर लिहिणं मला जमणार नाही.

गावात पोचलात, पारावर टेकलात की पहिला प्रश्न येतो, 'कुठशी आलाव?' दुसरा, 'चालत? कशाला?' तिसरा, 'आडनाव काय म्हनालात?' विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा साधं कुतूहल असतं. आडनावावरून तो तुमचं गाव, तुमची पाहुणेमंडळी जुळवून पाहतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. काही आडनावांना त्या प्रश्नानंतर ओटी मिळते आणि काहींना 'तिकडे खालच्या वाडीत विचारा' मिळतं, हे आपल्यातल्या काहींना पाठ आहे आणि बाकीच्यांना माहीतही नाही. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काही दिवसांनी लाठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आणि चवदार तळ्याचं महाड तळ्यापासून काही फार लांब नाही, याच जिल्ह्यात आहे.

मग आपण काय करायचं? माझा एक नियम आहे. जो पहिला 'या' म्हणेल त्याच्याकडे राहायचं. बौद्धवाडी असो, कातकऱ्यांची वाडी असो, कुणब्यांची आळी असो, मोहल्ला असो. वाटेत कुणी हळूच म्हणालं, 'तिकडे नका राहू, आमच्याकडे चला', तर नम्रपणे 'शब्द दिलाय' म्हणायचं आणि शब्द पाळायचा. ग्रुपमध्ये कुणाला यावर प्रॉब्लेम असेल तर त्यानं तो दादरला सांगावा, तळ्याला नको. खाडीकाठच्या मोहल्ल्यांमध्ये तर मी अशी सरबराई पाहिलीय की विचारू नका. घरचा मुलगा आखातात, वरचा मजला रिकामा, आणि चाची म्हणतात, 'चिकन जमेल ना? की अंडं करू?' तांदळाची भाकरी मात्र दोन्ही आळ्यांत सारखीच मऊ!

मुलींनो, आता आपल्यापुरतं. रात्री कुठे राहायचं हे पुरुषांना विचारू नका. स्टँडवरच्या चहावाल्या दादांना वाट विचारा, एसटीची वेळ विचारा. मुक्काम विचारायचा तो बायकांना. सगळ्यात उत्तम म्हणजे अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. त्यांना गावातलं प्रत्येक घर आतून माहीत असतं. कुठल्या घरात दोनच म्हातारी माणसं आहेत, कुठे दादा संध्याकाळी 'घेऊन' येतात, कुठे बाथरूम घरातच आहे आणि कुठे परसात विहिरीपलीकडे. बचत गटाच्या ताईसुद्धा तशाच. शिवाय पैशांचा व्यवहार त्यांच्याशी सरळ होतो, कारण त्यांना हिशेबाची सवय असते. अंगणवाडी दुपारनंतर बंद होते, तेव्हा उजेडातच गावात पोचायचं. चारला पोचणं आदर्श, साडेपाच ही हद्द. अंधार पडल्यावर दार वाजवणाऱ्याला दार उघडायचं की नाही, हा प्रश्न आतल्या बाईलाही पडलेला असतो, हे लक्षात ठेवा.

आणि पैसे. बापरे, पैसे!

'पैशाचं नाव काढू नका' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार आहे. मग निघताना पोराच्या मुठीत नोट कोंबणं, चहाच्या बशीखाली ठेवणं, देवासमोर ठेवून पळणं, अशी सगळी नाटकं आपण करतो. मला ती आवडत नाहीत. त्या नोटेचं काय करायचं हे त्या पोराला कळत नाही, आईला संकोच वाटतो, आणि आपल्याला मात्र छान वाटतं. त्यापेक्षा पोचल्यावर, चहा यायच्या आधीच, घरातल्या बाईशी सरळ बोलावं, 'मावशी, आम्ही चार जण आहोत, रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता. एवढे एवढे दिले तर चालतील का?' भाव काढणं सोपं आहे. जवळच्या बाजारात राइसप्लेटला जे पडतात ते दर जेवणाला, आणि झोपायचे वेगळे. घासाघीस नाही. नकार खरा असला तर तो दोनदा येतो, मग तिसऱ्यांदा आग्रह करू नका. त्याऐवजी पुढच्या टप्प्याला येताना शहरातून काहीतरी आणा. काय आणायचं ते विचारून. आमच्या त्या वहिनींनी मागितलं होतं ते शिलाई मशीनचं बॉबिन. मुंबईत किरकोळ किंमत, तिकडे त्यासाठी बाजाराची खास फेरी. रोख रक्कम जवळ ठेवा, सुट्टी. क्यूआर कोड आता टपरीवरही आहे, पण खाडीच्या कुशीत शिरलं की रेंज जाते.

जेवणाचं आधी सांगा, एवढंच. येण्याआधी फोन करून किती जण, शाकाहारी किती, हे कळवलं की समोरची बाई वालाला मोड आणून ठेवू शकते. न सांगता गेलात तर पिठलं-भात मिळेल, आणि तोही अमृतासारखा लागेल, पण वालाचं बिरडं हुकेल. जानेवारीत गेलात आणि नशीब जोरावर असेल तर शेतात पोपटी लागलेली असेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जमल्यास कोंबडी. मडकं उपडं घालून भोवती जाळ. तो अर्धा-पाऊण तास सगळी वाडी शेकोटीभोवती बसलेली असते. एका पोपटीच्या रात्रीत पुढच्या दोन टप्प्यांचे मुक्काम ठरतात, हा स्वानुभव.

दुसऱ्या टप्प्यात कुडा लागतं. खाडीवर नजर ठेवून बसलेली २६ बौद्ध लेणी. इथं आलात की दहा मिनिटं फोटोंचं विसरा आणि एखाद्या खोलीत नुसते बसा. भिंतीलगत दगडात कोरलेला ओटा दिसेल. तो झोपायचा. बाहेर कातळात पाण्याचं टाकं, त्याला लेण्यांच्या भाषेत पोढी म्हणतात. एरवी सतत फिरणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे, त्याला वर्षावास म्हणत. त्यासाठी हे छप्पर. खालचं मांदाड म्हणजेच ग्रीक लेखकांनी नोंदवलेलं मंदगोरा बंदर, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे खाली जहाजं, व्यापारी, गलका आणि वर झोपायची सोय. खर्च कुणी केला तेही भिंतींवर लिहिलंय. स्थानिक महाभोज घराण्यातली माणसं आहेत, तसे एक वैद्य आहेत, एक माळी आहे, आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. सह्याद्रीपलीकडचं कऱ्हाड! तो घाट उतरून इथवर येताना रात्री कुठे कुठे थांबला असेल, कुणी त्याला ओटी दिली असेल, ते भिंतीवर नाही. पण दुसऱ्यांच्या मुक्कामासाठी त्यानं पैसे मोजले, ते सुमारे दोन हजार वर्षांनी वाचता येतंय.

तिथं रात्र काढायचा मोह होईल. काढू नका. संरक्षित स्मारक आहे, सूर्य मावळायच्या आत बाहेर पडायचं. तसंही लेण्यांच्या पायथ्याच्या गावात विचारलंत तर चहा नक्की मिळतो आणि चहाबरोबर मांदाडकडच्या कुणाचा तरी फोन नंबर.

तर प्लॅन असा. पहिला टप्पा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, भात कापून झालेला असतो, बांधांवरून सरळ चालता येतं. ऑफिसात या सोमवारपासूनच विचारायला लागा, 'रायगडचं कोण आहे?' रोहा, तळा, म्हसळा, मुरुड, माणगाव, कुठलंही चालेल. पुढचा माणूस ते स्वतः काढून देतात. दुसरा टप्पा जानेवारीच्या अखेरीस, पोपटी गाठून. मांदाडच्या आसपास एक मुक्काम धराच, तळा ते आगरदांडा एका दिवसात रेटायचं अंतर नाही. आगरदांड्याला फेरीबोटीची शेवटची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

होळीच्या आठवड्यात मात्र जपून. सगळी कुलपं उघडलेली असतात, ओट्या भरलेल्या असतात, मुंबईचे पाहुणे अंगणात झोपतात. तरीही जाणार असाल तर जा. जागा कुणीतरी करून देईलच. झोप मिळणार नाही, कारण ढोल पहाटेपर्यंत वाजतो आणि पाहुण्याला नाचायला लागतं.